बिब्ब्याचा गुडघा

१९६४ साल. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि मला एका जागी बसता येत नव्हतं.

खामगावात जिनिंग-प्रेसमध्ये मी हमाल होतो. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत कापसाचा हंगाम. त्या दिवसांत गाड्या उतरवा, सरकीची पोती वाहा, रात्री पडलं की थेट सकाळ. पण पावसाळ्यात प्रेस बंद. मग बाकीचे हमाल शेतात तण काढायला, निंदणाला जात, पत्ते कुटत, झोपत. मीही मिळेल ते काम करायचो, पण काम आटोपलं की पायात मुंग्या चालल्यासारखं व्हायचं. घरातून स्टेशन, स्टेशनातून घर. जेवताना दोनदा उठायचो. बायको म्हणायची, "तुमच्या बुडाखाली इस्तव हाय काय हो?"

त्या वर्षी आमच्या भागातल्या तालमीत एक हवालदार यायला लागला. चीनच्या लढाईनंतर पलटणीतून सुटून आलेला माणूस. वय चाळिशीचं, मिशा पांढऱ्या, पोट सपाट. दंड-बैठका काढणाऱ्या आम्हाला पाहून तो म्हणाला, "जागच्या जागी घाम गाळून काय कराचं रे पोट्टेहो? पलटणीत नदी ओलांडा लागते, सायकल हाना लागते, मंग पळा लागते. तिन्ही एका दमात." त्यानंच ठरवलं की दसऱ्याला शर्यत घ्यायची. पूर्णा नदी पोहून पार करायची, तिथून जलंबपर्यंत सायकल, आणि जलंबहून रुळाच्या कडेनं खामगावपर्यंत आठ मैल पळायचं. पहिल्या तिघांना फेटा आणि नारळ.

आता माझा नातू पुण्यात अशीच शर्यत करतो. तिला ट्रायथलॉन म्हणतात असं तो सांगतो. त्याच्या बुटाला, चष्म्याला, पाण्याच्या बाटलीलासुद्धा वेगळं नाव आहे. आम्हाला नाव नव्हतं. हवालदार म्हणायचा 'तिन्ही', तर आम्हीही 'तिन्ही' म्हणायचो.

मी तालमीत सगळ्यांसमोर बोलून बसलो की पहिल्या तिघांत मी असणार. कोणी विचारलं नव्हतं. पण बोललो.

पोहायला गावात नदी नाही. गावाबाहेर एका मळ्यात मोठी विहीर होती, तिच्यात उतरायचो. विहिरीत पोहायचं म्हणजे गोल गोल. पन्नास फेरे, साठ फेरे, सगळे डाव्या हातानं वळून. सायकल मेव्हण्याची आणली. आणि पळायला रुळाची वाट. मधल्या लाकडी स्लीपरांवरून पळायचो, कारण स्लीपर सारख्या अंतरावर नसतात. एक पाऊल आखूड, एक लांब. हवालदार म्हणाला होता की यानं पाय हुशार होतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या दिवशी, बायकोनं सांगितलं, "आज कर हाय. आज नका जाऊ." करीच्या दिवशी आमच्याकडं कोणी नवं काम काढत नाही, बैलालाही जू लावत नाही. मी म्हटलं, "मी काय बैल हाव?" आणि गेलो.

जलंबहून येणारी गाडी त्या दिवशी माझ्या मागून आली. चार डबे आणि धापा टाकणारं इंजिन. चढावर ती एवढी हळू चालायची की लोक उतरून लघवी करून पुन्हा चढत. मी स्लीपरांवरून खाली खडीवर उतरलो आणि तिच्या बरोबरीनं पळायला लागलो. खिडक्यांत माणसंच माणसं, पोळ्याला गावी गेलेली सगळी परतत होती. एक म्हातारा ओरडला, "अबे, याले तिकीट काढून द्या कोनी." दुसरा म्हणाला, "नाई रे, त्याच्या मांगं सावकार लागला असन." सगळा डबा हसला. मला तेवढंच पुरलं. मी शेवटच्या डब्यापासून इंजिनापर्यंत गेलो. ड्रायव्हरनं शिट्टी मारली. मी त्याच्याकडं बघून हात वर केला आणि त्याच पावलाला खडी सरकली. उजवा पाय आत वळला, अंग बाहेर गेलं. गुडघ्यातून ओलं फडकं फाटल्यासारखा आवाज आला.

गाडी निघून गेली. म्हातारा खिडकीतून काहीतरी म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. बरं झालं.

डॉक्टरनं गुडघा दाबून पाहिला, पट्टी बांधली आणि सांगितलं, "सहा आठवडे पाय हलवायचा नाही. नाहीतर जन्मभर लंगडशील." मी बोटांवर दिवस मोजले. दसऱ्याला एकोणचाळीस दिवस होते.

पण घरात खरा घोर शर्यतीचा नव्हता. दसऱ्याला प्रेसमध्ये मशिनीची पूजा व्हायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम हंगामाची टोळी निवडायचा. सरकी तेव्हा कुठली असणार, म्हणून पोत्यात वाळू भरत. गोदामाच्या उंच ओट्याला लांब फळी लावलेली असायची. पोतं पाठीवर घेऊन फळीवरून वर जायचं, न थांबता. फळी मधे लवते. तिथं गुडघा थरथरला तर मुकादम काही बोलत नसे, फक्त पुढच्या माणसाकडं बघायचा. टोळी एकदा भरली की पुढच्या दसऱ्यापर्यंत तिच्यात कोणी शिरत नसे. माझ्या घरची चूल त्या फळीवर होती. हे बायकोला पक्कं माहीत होतं. मलाही होतं, पण मी ते तोंडानं म्हणत नव्हतो.

आठ दिवस मी घराच्या ओट्यावर बसलो. कसा बसलो ते मला विचारू नका. गाडीची शिट्टी दिवसातून जितक्यांदा व्हायची तितक्यांदा डावा पाय आपोआप उचलला जायचा. समोरून जाणाऱ्या प्रत्येकाला मी विचारायचो, कुठं चालला, किती वेळात पोचशील. लोक वाट बदलून जायला लागले.

नवव्या दिवशी काठी घेऊन आत्याकडं गेलो. बापाची बहीण, आमच्याच गल्लीत राहायची. कुणाचा पाय लचको, कंबर धरो, बिब्बा तीच घालायची. बिब्ब्याला सुई टोचून ती दिव्यावर धरायची. काळं तेल सुईच्या टोकाला आलं की कातडीवर बारीक ठिपका. माझ्या गुडघ्याभोवती तिनं पाच ठिपके काढले.

"सात दिस पानी लावाचं नाई, उनात जाचं नाई, खाजवाचं नाई," ती म्हणाली.

"पाचानं काय होते आत्या? गुडघा पाह्य केवढा सुजला."

"बिब्बा गुडघ्याच्या मापानं नसतेत घालत, बापा. कातडीच्या मापानं घालतेत."

दोन दिवसांत ठणका खरंच कमी झाला. आणि तिथंच माझं डोकं फिरलं. मी तिसरीपर्यंत शिकलो, पण गुणाकार येत होता. पाच ठिपक्यांनी दोन दिवसांत एवढा आराम, तर सगळ्या गुडघ्याला लावलं तर काय होईल? बायको निंदणाला गेली होती. मी किराणा दुकानातून चार बिब्बे आणले, फोडले, गरम केले आणि काडीला चिंधी गुंडाळून, भिंतीला डांबर लावावं तसं, मांडीपासून नडगीपर्यंत लावलं. वर पट्टी बांधली. संध्याकाळी बायको आली तेव्हा मी शहाण्यासारखा बसलो होतो. ती म्हणालीसुद्धा, "आज लई गुमान बसून राह्यले."

दुसऱ्या दिवशी खाज. तिसऱ्या दिवशी फोड. पट्टी सोडली तर कातडी पट्टीबरोबर आली. हात तोंडाला लागला होता, म्हणून ओठ सुजले, एक डोळा मिटला. बिब्बा उतला होता. आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं की बिब्बा उतला तर माणूस काय होतो, आणि चोवीस वर्षांच्या गड्याला ते माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? माहीत होतं. मला वाटलं, मला उतणार नाही.

आत्या आली, कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. "म्या पाच ठिपके देल्ले," ती जमलेल्या बायांना म्हणाली, "यानं अख्खं वावर पेरलं."

"तिखट-मीठ बंद कर याचं," एक शेजारीण म्हणाली.

"तोंड उघडते कुठी त्याचं," आत्या म्हणाली. "देवानं तेवढं एक चांगलं केलं."

तीळ आणि सुकं खोबरं वाटून लेप लावायचा, तेच खायलाही द्यायचं, हा उतार. बायको रोज पाट्यावर खोबरं वाटायची.  चौथ्या-पाचव्या दिवशी ती वाटता वाटता म्हणाली, "देवीच्या परसादाले आनलं होतं हे खोबरं. आता गुडघ्यालेच देव समजा."

मी हसलो तर ओठ फाटला.

चौदा दिवस अंथरुणात. पाय जरा हलवला की कातडी चरचरायची, म्हणून हलवताच येत नव्हता. छपराची कवेलू मोजली. ती संपली तर भिंतीवरचे ढलपे मोजले. रात्री वाटायचं उठून कुठंतरी जावं, कुठंही, नुसतं दारापर्यंत. तेही नाही. डाव्या पायानं मी हवेत सायकल चालवायचो आणि उजवा पाय दगडासारखा पडून असायचा.

पंधराव्या दिवशी उभा राहिलो. कातडी जांभळी, गुळगुळीत, नव्या जन्मलेल्या उंदरासारखी. पण आतला गुडघा शांत होता. सूज नव्हती. वाकवला, वाकला. डॉक्टरनं सांगितलेला आराम मी केला नव्हता, तो बिब्ब्यानं माझ्याकडून करवून घेतला होता. मी हे कोणाला कबूल केलं नाही. सगळ्यांना सांगितलं, पाहा, बिब्ब्यानं बरा झाला.

दसऱ्याला दोन आठवडेही उरले नव्हते. मी विहिरीवर जायला लागलो. पाण्यात कातडी झोंबायची, पण पाण्यात गुडघ्यावर भार नसतो. मग सायकल. पळायला मात्र मी जात नव्हतो, नुसता चालायचो. बायको हे सगळं पाहत होती. दसऱ्याच्या चार दिवस आधी तिनं भाकर थापणं थांबवलं, हात पुसले आणि समोर बसली.

"जाता तं जा," ती म्हणाली. "म्या नाई म्हटलं तरी जासान. पन गुडघा बोलला की थांबाचं. तथीच. एक पाऊल पुढं नाई."

"अन् नाई बोलला तं?"

"तं फेटा बांधून या. दुसऱ्या दिवशी फळी हाय, ध्यानात ठेवा. फेट्याची भाजी होत नाई."

मी हो म्हटलं. ती म्हणाली, "असं नाई, अन्नावर हात ठेवून म्हना." मी परातीतल्या पिठावर हात ठेवला आणि म्हटलं.

दसऱ्याच्या पहाटे डोंग्यातून आम्हाला पूर्णेच्या पलीकडच्या काठावर नेलं. एकोणीस जण होतो. कॉलेजातली दोन पोरं पोहायची चड्डी घालून आली होती, बाकी आम्ही लंगोटावर. माझा गुडघा पाहून एक जण म्हणाला, "भाऊ, वांगं भाजून बांधलं काय?" हवालदार पलीकडून ओरडला आणि आम्ही उड्या टाकल्या.

पाऊस जाऊन महिना झाला नव्हता, पाणी गढूळ आणि ओढ जबर. उजवीकडं वाहणाऱ्या नदीनं सगळ्यांना उजवीकडं नेलं, कॉलेजची पोरं तर पार खालच्या घाटाला लागली. मला विहिरीची सवय. हात डावीकडंच वळायचा. नदी मला उजवीकडं ओढत होती, सवय डावीकडं, आणि दोघींच्या भांडणात मी नाकासमोर सरळ गेलो. पाण्याबाहेर मी दुसरा निघालो. हवालदारानं विचारलं, "कोठी शिकला बे?" मी म्हटलं, "विहिरीत." त्याला ती थट्टा वाटली.

काठावर ठेवलेला दुपट्टा लंगोटावर कमरेला आवळला आणि सायकलीवर बसलो. सायकलीला मी मडगार्ड ठेवलं नव्हतं. ज्यांनी ठेवलं होतं त्यांच्या चाकात काळी माती बसली आणि ते रस्त्याच्या कडेला काड्यांनी चिखल उकरत बसले. जलंबला मी तिसरा होतो. सायकल मेव्हण्याच्या हाती दिली आणि रुळाच्या कडेनं पळायला लागलो.

पहिले चार मैल गुडघा गप्प होता. पाचव्याला थोडा कोमट झाला. मी दुसऱ्याच गोष्टींचा विचार करत होतो. फेटा कोणत्या रंगाचा असेल. तालमीत कोण काय म्हणेल. मागचा माणूस दूर होता, पुढचा दिसत होता, त्याच्या पाठीवर घामाचा नकाशा झाला होता. साडेसहा मैल झाले आणि प्रेसची चिमणी दिसली. मागून गाडीची शिट्टी आली.

तीच गाडी, तेच चार डबे. खिडक्यांत सणाची माणसं. आणि त्याच क्षणी गुडघा बोलला. ओरडला नाही. आत एक टाचणी टोचावी तेवढंच. मी दहा पावलं पळालो. पुन्हा टोचली.

मला माहीत होतं की दीड मैल मी पळू शकतो. लंगडत पळालो असतो, तिसरा आलो असतो, फेटा बांधून घरी गेलो असतो. आणि गाडी माझ्या अगदी बाजूनं चालली होती, डब्यातलं कोणी म्हणत होतं, "पळ रे, पळ, आला गाव." त्या वेळी थांबणं काय असतं ते ज्याला थांबता येतं त्याला कळणार नाही.

मी थांबलो. रुळाच्या कडेला एक बाभूळ होती, तिला धरून उभा राहिलो. गाडी गेली. चौथा माणूस आला, पाचवा आला. एक कॉलेजचा पोरगा जाताना म्हणाला, "काका, काय झालं?" मी त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा असेन. हवालदार सायकलवर मागून आला, उतरला.

"पाय गेला काय?"

"नाई."

"मंग चाल ना. चालत ये, रांगत ये, पन शेवटाले ये. अर्ध्यात सोडनारा पलटणीत नाई चालत."

"मी पलटणीत नाई," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की आजही आठवलं तर कान तापतात. तो गेला. मी त्याला पिठाची गोष्ट सांगितली नाही. बायकोच्या शब्दावर थांबलो हे त्या काळात मला कोणाला सांगता आलं नसतं, आणि खरं सांगायचं तर पुढंही तीस वर्षं सांगितलं नाही. त्या प्रेसमध्ये एकतीस हंगाम काढले, तिथंही नाही.

कमरेचा दुपट्टा सोडून मी बाभळीच्या फांदीला घट्ट बांधला. का बांधला ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. मग रुळ सोडला आणि शेतातल्या पायवाटेनं, लोक जमले होते ती जागा टाळून, हळूहळू घरी आलो.

बायको दारात होती. तिला कोणीतरी आधीच सांगितलं असणार.

"थांबले?"

"थांबलो."

"लई दुखलं?"

"नाई. थोडंसंच बोलला."

तिनं पाणी दिलं. जेवण झाल्यावर तेल कोमट करून गुडघ्याला लावलं. संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले, आपट्याची पानं हातात ठेवून म्हणाले, "काय भाऊ, तिन्हीतले अडीच झाले म्हनते." मी पानं घेतली, पाया पडलो, गळाभेट घेतली आणि आत येऊन बसलो. बसवलं नाही. उठलो. पुन्हा बसलो. बायको म्हणाली, "उद्या फळी हाय, निजा." निजलो, पण डोळ्यांपुढं ती बाभूळच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उजाडायच्या आधी मी उठलो. बायको जागीच होती.

"इतक्या लवकर कोठी? फळीले येळ हाय."

"उरलं ते घेऊन येतो," मी म्हटलं. "चालत. पळनार नाई. हे वचनात नव्हतं."

तिनं भाकरीचा चतकोर आणि कांदा फडक्यात बांधून माझ्या हातात दिला.

दीड मैल चालत मी रुळाच्या कडेनं बाभळीपर्यंत गेलो. दुपट्टा दहिवरानं ओला झाला होता. सोडला, पिळला, कमरेला गुंडाळला, बाभळीच्या खोडाला पाठ टेकवली आणि तिथून निघालो. एकसारखी पावलं टाकत, न थांबता. गुडघा गप्प होता. स्टेशनाजवळच्या मैदानात हवालदारानं आखलेली चुन्याची रेघ होती, अर्धी पुसलेली, आणि तिच्यावर एक शेळी उभी होती. मी तिला बाजूला सारून रेघ ओलांडली. कोणी पाहिलं नाही.

तिथून प्रेसचं फाटक शंभर पावलांवर. टोळीची माणसं जमली होती. मुकादम म्हणाला, "या, अडीचवाले." सगळे हसले. माझी पाळी आली तेव्हा वाळूचं पोतं दोघांनी उचलून माझ्या पाठीवर ठेवलं. मी दुपट्टा कमरेला आणखी आवळला आणि फळीवर पहिला पाय ठेवला. उजवा.